नांगर उसना चालतो, पेरणी नाही

पोरी, तुझ्या यादीत पहिलं नाव पलटी नांगराचं आणि शेवटचं पेरणी यंत्राचं आहे. ती यादी उलटी कर.

पाच एकर काळं रान, 28 एचपीचा छोटा ट्रॅक्टर, खरिपात सोयाबीन-तूर आणि मागं हरभरा नाहीतर ज्वारी, एवढा तुझा पसारा. त्यात नांगरटीला केवढा अवधी मिळतो बघ. हरभरा निघाला की फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत कधीही नांगरलंस तरी चालतं, फक्त नांगरलेलं रान उन्हात तापलं पाहिजे. त्यातही खोल नांगरट दरसाल लागत नाही, तीन वर्षांतून एकदा झाली तरी पुरते. गावात नांगरून देणारे ट्रॅक्टर उभेच असतात. आज नाही आले तर पुढच्या आठवड्यात येतील.

पेरणीचं तसं नसतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरली की वाफसा येतो आणि त्या वाफशावर अख्खा गाव एकाच दिवशी पेरायला निघतो. भाड्याचं यंत्र आधी मालकाच्या रानात जातं, मग त्याच्या भावकीत, मग जिथं एका जागी वीस एकर आहे तिथं. तुझ्या पाच एकरांची पाळी येईस्तोवर वरची ओल उडालेली असते, नाहीतर पुढचं आभाळ भरून आलेलं असतं. तेव्हा पहिल्या वर्षी नांगरट भाड्यानं कर आणि पैसा आणि अक्कल दोन्ही पेरणी यंत्रावर खर्च कर. नांगराची हौस फारच असेल तर तीही सांगतो, पण दुसऱ्या नंबरावर.

बघायला कधी जायचं, ते आधी. मार्च-एप्रिलमध्ये नांगर बघायला जाणारा आणि रोहिणीत पेरणी यंत्र बघायला जाणारा, दोघंही गरजवंत असतात आणि विकणाऱ्याला ते दारातूनच कळतं. मृग बरसून गेला की नांगर गोठ्यामागं पडतो, त्याला कुणी विचारत नाही. पेरणी यंत्राला येळवशीनंतर गिऱ्हाईक नसतं, कारण रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि खरीप लांब असतो. शिवाय हंगाम संपल्या संपल्या अवजार बघितलं की त्याची झीज उघडी दिसते. पुढचा हंगाम जवळ आला की त्याच्यावर रंगाचा हात फिरतो. वेल्डिंगच्या जागेवरच तेवढा ताजा रंग दिसला, तर नखानं खरवडायला लाजू नकोस. आणि हो, सकाळच्या उजेडात जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळंच लोखंड चांगलं दिसतं.

आता पेरणी यंत्र. तुझी आजी, म्हणजे माझी आई, तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरायची. तिच्या मुठीतून ज्वारी किती सुटते आणि करडई किती, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. त्या बायांना गावात पेरणीच्या दिवसांत मान असायचा, आदल्या दिवशी घरी बोलावणं यायचं. यंत्रात ते काम पेटीखालचे खाचांचे रोलर नाहीतर तिरप्या तबकड्या करतात. म्हणजे लोखंड कितीही जाड असू दे, पेरणी यंत्र हा तराजू आहे, आणि जुना तराजू घेताना त्याचा रंग कुणी बघत नाही. म्हणून जाताना स्वतःचं दोन-तीन किलो सोयाबीन, पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, टेप आणि छोटा डिजिटल काटा बरोबर ने. विकणारा हसेल. हसू दे.

तुला दिसतील त्यातली बरीच यंत्रं नऊ फणी असतील, दोन फणांत नऊ इंच म्हणजे 22.5 सेंटिमीटर अंतर. सोयाबीनला एकाआड एक फण बंद केला की पाच फण आणि 45 सेंटिमीटरची ओळ मिळते. तुझ्या ट्रॅक्टरला नऊ फणी जड होईल. मूळचंच पाच फणी मिळालं तर उत्तम, हिशोब तोच. यंत्र ट्रॅक्टरला जोडून जमिनीपासून उचलायला सांग, किंवा खाली विटा लाव. पेटीत बी ओत. ज्या चाकानं पेटीतला दांडा फिरतो, त्या चाकाला सुतळी गुंडाळून त्याचा घेर मोज. समज, घेर सव्वा मीटर भरला. चाकाला खडूनं खूण कर, प्रत्येक नळीच्या तोंडाला पिशवी बांध आणि चाक हातानं वीस वेळा फिरव, सावकाश, रानात चालेल त्याच चालीनं. वीस फेरे म्हणजे 25 मीटर. पाच फण गुणिले 45 सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन मीटर रुंदी. झाले 56 चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त, एकराचा साधारण बहात्तरावा भाग. एकरी 30 किलो बी पेरायचं तर पाचही पिशव्या मिळून 415 ग्रॅमच्या आसपास भरल्या पाहिजेत, एकेक पिशवी 83 ग्रॅमची.

एकूण वजन चुकलं तर घाबरू नकोस. पेटीच्या बाजूला खटका किंवा स्क्रू असतो, त्यानं कमी-जास्त होतं. म्हणून तो फिरतोय की गंजून बसलाय हे मात्र तिथंच बघ. खरी गोष्ट पिशव्यांमधल्या फरकात आहे. एक पिशवी 90 ची, दुसरी 60 ची, असं आलं तर तो रोलर झिजलाय किंवा त्याची बैठक सैल झालीय. पिशव्यांतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की रोलर बदलण्याचा खर्च किमतीतून काप, आणि रोलर बाजारात मिळतो का हे आधी विचार. गावच्या वेल्डरनं स्वतःच्या मापानं बनवलेल्या यंत्राचा रोलर दुसरीकडं कुठंच मिळत नाही.

मग पिशव्या तळहातावर ओत. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आपण पोतंसुद्धा आपटत नाही ते त्यासाठीच. दाण्यांत डाळी पडलेल्या, टरफल सुटलेलं, कड मोडलेली दिसली, तर यंत्र बी कापतंय. असं बी मोजून पडतं, पण उगवत नाही, आणि मग माणसं बियाणं कंपनीला शिव्या घालत बसतात. कापणारं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. तबकडीवालं असेल तर प्रत्येक पिकाची तबकडी वेगळी असते: सोयाबीनची, तुरीची, ज्वारीची, हरभऱ्याची. सगळ्या मागून घे, एक जरी घरी राहिली म्हणाला तर ती हातात पडल्यावरच पैसे दे. तबकडीच्या खाचांवरून अंगठा फिरव; कड बोथट झाली की एका खाचेत दोन दाणे बसतात.

यानंतर खताची पेटी. जुनं पेरणी यंत्र मरतं ते खतानं. शेवटच्या दिवशी उरलेलं डीएपी किंवा 10:26:26 पेटीत तसंच राहतं, पावसाळ्याची दमट हवा लागून त्याचा दगड होतो आणि पत्रा आतून खात जातो. झाकण उघडून वरून बघण्यात अर्थ नाही. खाली वाक आणि पेटीच्या तळाच्या कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघ. आत गेलं तर पेटी संपली. पत्रा बदलून मिळतो, त्यात मोठं काही नाही, पण खताचा दांडा गंजून बसलेला असेल तर साखळी तुटते ती नेमकी भर पेरणीत. साखळीच्या चक्राचे दात बघ, एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर साखळी आणि चक्रं दोन्ही नवी लागतील. हा खर्च फार नाही. पण फार नाही, फार नाही म्हणत म्हणतच यादी लांबते.

नळ्या दाबून बघ. उन्हात कडक होऊन त्यांना चिरा जातात, आणि दाणा फणात पडायच्या ऐवजी वाटेतच बाहेर उडतो. फणाच्या मागच्या नळीत तार घालून बघ, कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली असतात. वर्षभर पडून असलेल्या यंत्रात ती हमखास सापडतात आणि पेरताना वरून काही कळत नाही, उगवल्यावर एक ओळच गायब दिसते. फण चौकटीवर ज्या क्लॅम्पनं बसवलेले असतात त्यांचे नट पान्यानं सैल करून बघ. आज तुला 45 सेंटिमीटर हवंय, दिवाळीत हरभऱ्याला 30 लागेल. नट फिरतच नसतील तर तू एकाच अंतराचं यंत्र विकत घेत आहेस. फणाचं टोक झिजून गोल झालं असेल तर बी वरच्यावर पडतं; सोयाबीनला तीन ते पाच सेंटिमीटर खोली हवी, त्याहून वर पडलं तर ऊन खातं, खाली गेलं तर कोंब वर येत नाही.

रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ यंत्र तुला कुणीतरी सुचवेल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं त्यावर बरंच काम केलंय. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरतं, आपल्या काळ्या रानाला ते मानवतंही. पण त्याचे सरी पाडणारे फाळ ओढायला तुझा 28 एचपी पुरत नाही. पहिल्या वर्षी तेवढा एक-दीड एकराचा तुकडा एखाद्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून करून घे आणि फरक स्वतः बघ. भाजीपाल्याच्या वाफ्यासाठी किंवा नांग्या भरण्यासाठी हातानं ढकलायचं टोकण यंत्र मात्र घे, आणि ते नवंच घे. इतकं स्वस्त असतं, की जुन्याची पारख करण्यात दिवस घालवणं परवडत नाही.

आता नांगर, तुझ्या हौसेचा. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नकोस. दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर दिसायला देखणा असतो, रस्त्यावरून जाताना माणसं वळून बघतात, पण त्याला 45 ते 50 एचपी लागते. तुझ्या ट्रॅक्टरनं तो उचलला तर पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकतील आणि बांधावर वळताना सुकाणू हातात राहणार नाही. तुला एका फाळाचा पलटी बघायचाय. जाताना ट्रॅक्टरच्या पिना मोजून जा. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन पिना 22 मिलिमीटरच्या आणि वरची 19 ची असते. मोठ्यांच्या खालच्या 28 च्या आणि वरची 25 ची. मोठ्या मापाचा नांगर तुझ्या लिंकला लागला तरी डुगडुगतो, मध्ये बुश घालावे लागतात. नांगराची पिनांची भोकं लांबट झालीत का तेही बघ. हायड्रॉलिकनं पलटणारा असेल तर तुझ्या ट्रॅक्टरला होज जोडायची सोय आहे का, हे घरूनच खात्री करून निघ. नसेल तर हाताच्या खटक्यानं पलटणारा घे, त्यात बिघडण्यासारखंही कमी.

नांगराची पारख यंत्राच्या मानानं सोपी, कारण त्यात हलणारं काही फारसं नाही. मोडतं ते डोळ्यांना दिसतं. आधी मागं उभी राहून एक डोळा मिटून मधल्या तुळईकडं बघ. दगडाला किंवा झाडाच्या खोडाला धडकलेला नांगर किंचित वाकलेला असतो आणि तो पुढं कधीच सरळ तास काढत नाही. चौकटीचे कोपरे सुतळीनं तिरपे मोज, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. मग छोट्या हातोडीनं फाळ धरणाऱ्या खांबाच्या बुडाशी ठोक. अखंड लोखंड खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. वेल्डिंगवर वेल्डिंग चढवलेली जागा सापडली तर तिथं तो पुन्हा मोडणारच.

फाळ झिजलेला असला तर त्याचं दुःख नाही, फाळ झिजायलाच असतो आणि चार बोल्टांवर बदलतो. नांगर सपाट फरशीवर टेकवून बघ: फाळाचं टोक टेकलेलं आणि त्यामागं पट्टीखाली थोडी फट, असं दिसायला हवं. फट नसेल तर टोक झिजलंय, नांगर जमिनीत शिरणार नाही, नुसता वरून घसरत जाईल. मग ड्रायव्हर त्याच्यावर दगड ठेवतो, नाहीतर पोरं बसवतो. नांगरावर माणूस बसवलेला कुठंही दिसला तर तिथून निघून ये. असे अपघात बघितलेत मी.

माती उलटवणाऱ्या पंखाकडं जास्त लक्ष दे, कारण तो महाग. आपल्या काळीत पंख चकचकीत लागतो. गंजून खड्डे पडलेल्या पंखाला ओलसर काळी माती अशी चिकटते, की दर वळणावर उतरून काठीनं खरवडावी लागते आणि तास उलटण्याऐवजी नुसतं फाटतं. वरवरचा तांबूस गंज असेल तर रान निघेल तसा निघतो, घाबरू नकोस. तळहात फिरव, खड्डे हाताला लागतात. मग पंखाची पुढची कड दोन बोटांत धर. पत्र्यासारखी पातळ लागली, मागून ठिगळ लावलेलं असलं, तर पंखाची किंमत कापून बोल. सरीच्या भिंतीला घासत जाणारी बाजूची लांब पट्टी टाचेकडं झिजून गेली असेल तर नांगर एका बाजूला ओढतो; ती बदलायला स्वस्त असते, पण विकणारा तिचं नाव काढत नाही. पलटण्याच्या सांध्यात हात घालण्याआधी नांगर जमिनीवर टेकलाय याची खात्री कर. उचललेल्या नांगराखाली कधीही, कुणीही सांगितलं तरी, वाकायचं नाही. टेकल्यावर फाळ धरून हलव. थोडा खुळखुळाट चालतो, पण खडखडाट होत असेल तर बुश गेले. सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर काढायला लाव आणि त्यावर गंजाचे ठिपके शोध. तेच ठिपके सील खातात आणि मग तेल गळतं.

भंगारवाल्याकडं एखादा जुना लोखंडी बैलनांगरही दिसेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढं गावोगाव तोच नांगर. मोह होण्यासारखी वस्तू आहे. पण अशा नांगरांचे कितीतरी भाग बिडाचे असतात, बिडाला गावचं वेल्डिंग धरत नाही, आणि तुझ्याकडं बैल कुठायत? अंगणात ठेवायला हवा असेल तर किलोच्या भावानं घे.

जुना रोटाव्हेटर कुणी गळ्यात मारायला बघेल. नको म्हण. त्याच्या गिअरबॉक्समध्ये काय चाललंय ते बाहेरून मलाही कळत नाही.

पैशाचं बोलायचं तर आधी महाडीबीटीवर नव्या अवजारांचं अनुदान बघून ठेव. कृषी यांत्रिकीकरणात अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना नव्या अवजारावर 50 टक्क्यांपर्यंत मिळतं, इतरांना 40, आणि दोन्हीला कमाल मर्यादा असते. जुन्याला काही मिळत नाही. सातबारा तुझ्या नावावर असेल तर नवं पेरणी यंत्र कधी कधी जुन्याच्या भावात पडतं, मग एवढी पारख करायची गरजच नाही. पूर्वसंमती मिळण्याआधी मात्र खरेदी करू नकोस. जुनंच घ्यायचं ठरलं, तर मागितलेली किंमत, दुरुस्तीचा अंदाज आणि छोट्या हत्तीचं भाडं अशी बेरीज कर. ती नव्याच्या किमतीच्या साठ टक्क्यांवर गेली की माझ्या हिशोबानं उठून यावं.

आणि नांगराला ट्रॅक्टरसारखं आरसी बुक नसतं. त्यामुळं चोरीचा माल सहज खपतो. साध्या कागदावर का होईना, विक्रीची पावती लिहून घे: अवजाराचं वर्णन, प्लेटवरचा नंबर असेल तर तो, तारीख, रक्कम, विकणाऱ्याची सही आणि आधारची प्रत, दोन साक्षीदार. कर्जातून घेतलेलं असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का, अनुदानातून घेतलेलं असेल तर विकायला मोकळं आहे का, हे तोंडावर विचार. नंबराची प्लेट उपटलेली असेल तर भाव कितीही कमी असो, चहा पिऊन परत ये. इसार देऊन ठेवायचाच झाला तर रानात दोन तास मारून दाखवण्याच्या बोलीवर दे, आणि तेही त्याच्या मुरमाड तुकड्यात नको, काळीत.

बोलणी करताना तो माझ्याकडंच बघून बोलेल, तुझ्याकडं बघणार नाही, हे धरून चाल. मी गप्प राहीन. चाक फिरवणं, पिशव्या मोजणं, भाव पाडणं सगळं तूच कर. दुसऱ्या पिशवीनंतर त्याची मान आपोआप वळते.

यंत्र घरी आलं की त्याच दिवशी दोन्ही पेट्या रिकाम्या करून धू, उन्हात वाळव, साखळीला तेल दे, नळ्यांच्या तोंडांना कापडाचे बोळे घाल म्हणजे माशी शिरणार नाही. मेमध्ये पुन्हा एकदा वीस फेऱ्यांचं माप घे, या वेळी जे बियाणं पेरायचंय त्याचंच, कारण जात बदलली की दाण्याचा आकार बदलतो. रानात चाक थोडं घसरतं, म्हणून पहिल्या अर्ध्या एकराला किती बी गेलं ते बघून खटका एखादा घर पुढं-मागं कर. काटा माझ्याकडचा घेऊन जा, नवा आणू नकोस. फक्त वेळेवर परत दे, मेअखेरीला मला भुईमूग मोजायचाय.